पडवीतल्या कुंभारीण माशीच्या मडक्यातून हिरवीनिळी माशी निघाली, नवीन प्रजाती असेल का? (सत्तरी, गोवा)

माटोळी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर सत्तरीत, कुळागराला लागून. श्रावणात माझा पाय मुरगळला आणि तीन आठवडे प्लास्टर घालून पडवीत खुर्चीवर बसून काढले. समोर भिंत, भिंतीवर आजेसासऱ्यांचा फोटो, आणि त्या फोटोच्या चौकटीला लागून एका कुंभारणीनं मडकी करायला घेतली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून रोज तेच बघत बसायचे. ती आधी न्हाणीकडच्या दोणीवर जाऊन पाणी प्यायची, मग पायरीखाली जिथं पाऊस लागत नाही तिथल्या सुक्या मातीवर उतरायची, पोटातलं पाणी मातीवर सोडून गोळी मळायची, आणि अर्ध्या वाटाण्याएवढी ती गोळी हनुवटीखाली धरून परत फोटोपाशी. गोळी लावताना उलट्या पावली मागे मागे जायची आणि मातीची पट्टी ओढल्यासारखी पसरायची. मडक्याला गळा, गळ्याला बाहेर वळलेला ओठ, अगदी डिचोलीच्या बाजारातून आणलेलं वाटावं असं, फक्त बोराएवढं.

मग अळ्या. हिरव्या, बिनकेसाच्या, लुळ्या पडलेल्या. एका मडक्यात मी सात मोजल्या, तेवढ्यात आतून चहाला हाक आली आणि येईपर्यंत तोंड बंद. अशी पाच मडकी झाली आणि शेवटी तिनं सगळ्यांवर सरसकट माती थापली, म्हणजे आता बघणाऱ्याला वाटेल की कोणीतरी भिंतीवर चिखलाचा गोळा फेकून मारलाय. चवथीला रंगारी खरवडायला निघाला होता, मी नको म्हटलं.

आता मुद्दा. गेल्या रविवारी गोळ्याला एक गोल भोक दिसलं आणि शेजारी बसलेली माशी बघून मी थक्कच झाले. आई केशरी-पिवळी नि काळी, लांब देठासारखी कंबर. आणि ही मोरपिशी, हिरवीनिळी, भांड्याला कल्हई केल्यासारखी चकचकीत, कंबर बारीक नाहीच. आईसारखं एक लक्षण नाही! घरच्यांचं म्हणणं ही नवीन प्रजाती आहे, मुलीनं तर नावसुद्धा ठरवून टाकलंय. फोटो जोडलेत. नवीन असेल तर कुठे कळवायचं असतं?

पेडण्याचो बाब्या | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

माशी नवीन असो नसो, पडवीतल्या खुर्चीवर तीन आठवडे बसून माशी बघणारी सून मात्र सत्तरीत पहिलीच असणार. 😄 नाव काय ठरवलंय ते तरी सांगा.

मंदा_डोंबिवली | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

अहो गांधीलमाशी आहे ती, लहान मुलगी आहे ना घरात? रात्री रॉकेल ओता आणि मोकळ्या व्हा. माझ्या दिराला चावली होती, हात पोळीसारखा फुगला होता.

भिंगवाला | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१२

मंदाताई, रॉकेल राहू दे. दिरांना चावली ती बहुतेक कळपानं राहणारी, कागदी पोळं करणारी असणार, त्या पोळं राखायला अंगावर येतात. कुंभारीण एकटी. राणी नाही, कामकरी नाहीत, सगळं घर एका बाईच्या जिवावर. डंख आहे पण तो अळी लुळी करायला, चिमटीत धरलीत तरच तुम्हाला मारेल. नराला तर डंखच नसतो.

माटोळी, धागा फार आवडला. उत्तर द्यायच्या आधी तीन गोष्टी सांगा. १) आई बसलेली असताना पंख कसे दिसायचे, पाठीवर सपाट की लांबीत घडी घालून अरुंद पट्ट्यांसारखे? २) कोळी एकदाही आणला नाही, नक्की? ३) मोरपिशी माशीला बोट लावलंत तर पळाली की गोळा झाली?

माटोळी | १३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

पंख घडी घातलेले, दोन काड्या ठेवल्यासारखे. कोळी कधीच नाही, नेहमी अळ्या. आणि तुम्हाला कसं कळलं हो? मुलीनं झाडूच्या काडीनं डिवचलं तर पाय पोटाशी घेऊन चक्क गोटी झाली आणि टपकन खाली पडली!

बाब्या, नाव सांगणार नाही, मुलगी म्हणते कोणीतरी चोरेल.

भिंगवाला | १३ ऑक्टोबर, रात्री ८:५५

मग अर्धं कोडं सुटलं, आणि वाईट वाटून घेऊ नका, मोरपिशी माशी त्या कुंभारणीची मुलगी नाहीच.

तिला कोकीळमाशी म्हणा. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते तसलाच प्रकार, फक्त जास्त क्रूर. कुंभारणीचं मडकं बंद झालं, आतल्या अळीनं शिधा खाऊन संपवला, की ही येऊन वाळलेल्या मातीला भोक पाडते, आत अंडं सोडते आणि भोक पुन्हा लिंपते. तिची अळी कुंभारणीच्या अळीला खाऊन वाढते आणि आयत्या घरातून बाहेर पडते. गोटी होण्याचं कारणही तेच. घरमालकीण चावायला डंखायला आली तर पोटाकडून खोलगट असलेली ही बया अंग मुडपते आणि वर उरतं नुसतं खड्ड्याखड्ड्यांचं कठीण चिलखत. फोटोवरून आणि आकारावरून मला ती स्टिल्बम सायन्युरम वाटते, मातीची घरं करणाऱ्यांवरच जगणारी. जुनी ओळखीची आहे, १७७१ सालीच नाव पडलंय तिचं.

आता आई. पंखांची लांबीत घडी आणि शिध्याला अळ्या, म्हणजे खऱ्या कुंभारणींपैकी, ज्यांना इंग्रजीत पॉटर वास्प म्हणतात. गोव्यात घराघरांत दिसणारी दुसरी जी मातीच्या लांब नळ्या थापते ती वेगळ्या कुळातली, स्केलिफ्रॉन, तिचे पंख घडी होत नाहीत आणि ती कोळी भरते. आपण दोघींना सरसकट कुंभारीण म्हणतो, पण नात्यानं त्या बऱ्याच लांबच्या. एवढं कळायला भिंग लागत नाही, खुर्ची लागते, आणि ती तुमच्याकडे होती.

कीर्तनवेडी | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

अहो हे तर भृंगीकीटक! माझी आजी म्हणायची, कुंभारीण अळी आणते, मातीच्या घरात कोंडते, भोवती गुंऽगुं करते आणि अळी तिच्या ध्यासानं शेवटी कुंभारीणच होऊन बाहेर येते. कीर्तनात बुवा हाच दृष्टांत देतात, जिवानं देवाचा इतका ध्यास घ्यावा की तोच होऊन जावं. लहानपणी मी खरंच एक मडकं फोडून बघितलं होतं, आत नुसती अर्धमेली अळी, आणि आजीकडून धपाटा.

भिंगवाला | १३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

कीर्तनवेडी, आजीचं निरीक्षण खोटं नव्हतं बरं का. अळी आत गेली हे बघितलं, माशी बाहेर आली हेही बघितलं, मधलं कोणी बघितलं नाही म्हणून मधे ध्यास घातला. खरी गंमत मधेच आहे. कुंभारीण शिधा भरायच्या आधीच अंडं घालते, तेही मडक्याच्या छताला एका बारीक धाग्यानं टांगून. खाली अळ्या लुळ्या असतात, मेलेल्या नसतात, मेल्या तर सडतील ना.

आणि माटोळी, रागावू नका, पण तुम्हीही आजीचंच गणित केलंत. एक आत गेली, दुसरी बाहेर आली, म्हणजे हिची ती.

माटोळी | १३ ऑक्टोबर, रात्री १०:२५

रागावत नाही, हसतेय. मुलगी रागावलीय.

सड्यावरचा | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:४८

भिंगवाले, तुमचा आदर आहे पण इतक्या ठामपणे कसं बोलता? पश्चिम घाटात रोज नवीन काहीतरी सापडतंय, आणि आई जुनीच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी फोटो ॲपमध्ये टाकला, ॲप म्हणतं डेल्टा पिरिफॉर्मे, पण ॲपमधल्या बाकी फोटोंपेक्षा हिच्या पोटावरचा काळा पट्टा रुंद आहे. हाच तर फरक! चांगल्या कॅमेऱ्याचे फोटो असले तर त्यांवरूनच नवीन प्रजाती जाहीर का करू नये? मारायची कशाला?

भिंगवाला | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१५

सडेकर, आई जुनी असं मी म्हटलंच नव्हतं, ती कुठल्या गटातली एवढंच सांगितलं, प्रजातीवर बोललोच नाही अजून. पण प्रश्न चांगला आहे, जरा लांबड लावतो.

पट्ट्याची रुंदी. या मंडळींत रंग हा सगळ्यांत दगाबाज. एकाच प्रजातीत एका भागातली जास्त काळी, दुसरीकडची जास्त पिवळी, आणि नर-मादी तर काही वेळा इतके वेगळे की जुन्या लोकांनी दोघांना दोन नावं देऊन ठेवली आणि शंभर वर्षांनी कोणीतरी त्यांचं लग्न लावून एक नाव रद्द केलं. रंगावर नावं ठेवायची तर माझ्या दोन मुलांच्यासुद्धा दोन प्रजाती होतील, एक आईवर गेलाय एक माझ्यावर.

म्हणून बघतात ते वेगळंच. तोंडापुढच्या ढालीचा आकार, तिची कड सरळ की खाच पडलेली, पोटाच्या देठाची लांबी-रुंदी, अंगावरचे खड्डे दाट की विरळ, नराच्या मिशीचं टोक आकड्यासारखं वळलंय का, आणि शेवटी नराचं जननांग. हे पडवीतल्या फोटोत येत नाही, कितीही मेगापिक्सेल असू देत. नर की मादी हे मात्र तुम्हीही मोजू शकता, मिशीचे तुकडे मादीला १२, नराला १३.

आणि नवीन म्हणजे कशापेक्षा नवीन? आधीच्या सगळ्यांपेक्षा. भारतातल्या माश्यांवर बिंगहॅमचा मोठा ग्रंथ १८९७ चा, आजही त्यापासूनच सुरुवात करावी लागते, आणि त्यानंतरची सगळी नावं, रद्द झालेली नावं, युरोपातल्या म्युझियममध्ये टाचणीला टोचून ठेवलेले मूळ नमुने, एवढ्यांशी ताडून मग ‘नवीन’ हा शब्द तोंडातून काढायचा. त्यातून टिकली तर एक नमुना निवडायचा, त्याला होलोटाइप म्हणतात, नाव कायमचं त्या एका टाचणीवरच्या किड्याला बांधलेलं. तो कुठल्या संस्थेत ठेवलाय ते लिहायचं, वर्णन छापायचं, आणि छापील न काढता फक्त ऑनलाइन काढलं तर २०१२ पासून झूबँकेत, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन वहीत, नोंदणी लागते, नाहीतर नाव ग्राह्य नाही. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यात हे पण आहे की नवीन काही सापडलं तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथं जमा करायचा. प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला.

फोटोवरून कधी झालंच नाही असं नाही. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला, मार्लेयिमिया झायलोकोपे, नुसत्या फोटोंवरून नाव दिलं, आणि त्यावरून जगभरच्या कीटकवाल्यांत जी जुंपली ती जुंपली. माझं मत विचाराल तर फोटोचं मिशीचं टोक मोडून भिंगाखाली घेता येत नाही. उद्या कोणी शंका काढली तर बघणार काय?

पेडण्याचो बाब्या | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

एवढं सगळं करून नाव स्वतःचं देता येतं का ते सांगा भिंगबाब.

भिंगवाला | १४ ऑक्टोबर, रात्री ९:५२

नियम अडवत नाही, पण लोक हसतात. दुसऱ्याचं दे, गावाचं दे. गोव्यातल्या सड्यावरच्या एका बेडकाला २०१८ साली गोएमची असं नाव मिळालं, म्हणजे चक्क आपलं ‘गोंयची’. लॅटिनच्या नियमात कोंकणी बसते, बाब्या पण बसेल, आधी बेडूक आण.

माटोळी | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

सगळं दोनदा वाचलं. पण म्हणजे आईला ओळखायचं तर मारायला हवी? ती अजून येते हो, आता मीटरच्या बोर्डाखाली नवीन काम काढलंय. तीन आठवडे मला सोबत होती. माझ्याच्यानं होणार नाही.

सड्यावरचा | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

तेच म्हणतोय मी. एका नावासाठी जीव घ्यायचा.

भिंगवाला | १५ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मारू नका. मी स्वतः बरीच वर्षं टाचण्या टोचल्यात, त्याचं समर्थनही करतो, गाडीच्या एका रात्रीच्या दिव्यांवर जेवढे किडे मरतात तेवढे माझ्या पेट्यांत नाहीत, पण ज्याला जमत नाही त्यानं करू नये. वाट बघा. माश्या म्हाताऱ्या होऊन मरतातच, आणि बहुतेक खिडकीच्या जाळीपाशी पडतात. सापडली की कोरड्या काडेपेटीत कापसावर ठेवा, आत डांबर गोळीचा तुकडा टाका नाहीतर मुंग्या खातील, आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं गाव, तारीख, कोणी उचलली, कुठे. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, कितीही दुर्मीळ असला तरी उपयोग शून्य. आणि हे घरातलं चालेल, पण उद्या उत्साहाच्या भरात म्हादईच्या अभयारण्यात जाळी घेऊन जाऊ नका, तिथं वनखात्याची लेखी परवानगी लागते.

मडक्याच्या गोळ्यावर एक पारदर्शक डबी उलटी चिकटवा, हवेला बारीक भोकं ठेवून. चार मडकी बाकी आहेत. कोण कोण निघतं बघू.

माटोळी | २ नोव्हेंबर, रात्री ९:१०

अपडेट. डबी लावली होती (श्रीखंडाची). दुसऱ्या मडक्यातून परवा आईसारखी केशरी-काळी निघाली!! मुलीनं भिंगातून मिश्या मोजल्या, १३, टोकाला आकडा. म्हणजे मुलगा. फोटो काढून सोडून दिला. तिसऱ्यातूनही तसाच. चौथं गप्प आहे.

मीटरबोर्डाखालचं घर मात्र गेलं. वायरमन आला, आणि ‘हें किदें’ म्हणत स्क्रू ड्रायव्हरनं उडवलं, मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत खाली माती आणि अळ्या.

मंदा_डोंबिवली | २ नोव्हेंबर, रात्री ९:४४

अरेरे. (मी रॉकेल म्हणाले होते ते मागे घेते.)

पेडण्याचो बाब्या | २ नोव्हेंबर, रात्री १०:०२

वायरमनला दोष देऊ नका, या बाया कुठल्याही भोकात शिरतात. ब्रिस्बेन विमानतळावर तर अमेरिकेतून आलेली एक जात विमानाचा वेग मोजायच्या नळीत घर करते म्हणून विमान उभं राहिलं की नळीला टोपी घालतात. मीटरबोर्ड म्हणजे काहीच नाही.

माटोळी | १९ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

सापडली. न्हाणीच्या खिडकीच्या जाळीत, आज सकाळी. एक मिशी नाही, बाकी अख्खी. काडेपेटीत ठेवलीय, चिठ्ठी घातलीय. इतकी हलकी आहे की पेटी रिकामीच वाटते.

भिंगवाले, तुम्ही फोंड्याला असता ना? रविवारी लग्नाला येतोय, देऊ का?

भिंगवाला | २३ डिसेंबर, रात्री १०:४०

माटोळी आणि मुलगी घरी येऊन गेल्या, येताना कुळागरातली केळी पण आणली, आभार.

मादी. उरलेल्या मिशीचे तुकडे १२. मुलीनंच मोजले, मी नुसतं मायक्रोस्कोपचं चाक फिरवलं. ढाल, देठ, खड्डे सगळं किल्लीतून (एकेक लक्षण विचारत प्रजातीपर्यंत नेणाऱ्या यादीतून) तीन वेळा चालवलं, तिन्ही वेळा एकाच दारात: डेल्टा पिरिफॉर्मे. फॅब्रिशियसनं नाव दिलेली, १७७५. सडेकर, तुमचं ॲप बरोबर निघालं, पट्ट्याचा तुमचा मुद्दा मात्र नाही. माझ्या पेटीतल्या तीन माद्यांत तीन रुंदीचे पट्टे आहेत.

मुलगी क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, म्हणजे हिला नाव मिळालं तेव्हा सत्तरीत कोण होतं? मला पटकन उत्तर सुचलं नाही.

सड्यावरचा | २४ डिसेंबर, सकाळी ८:२०

मान्य. तरी पश्चिम घाटात नवीन सापडतंच हे माझं म्हणणं कायम.

माटोळी | ८ जानेवारी, सकाळी ७:३०

चौथं मडकं शेवटी फोडलं, आत वाळून गेलेली अळी. आता पाचवं. त्या डबीत काल उवा पडल्या. म्हणजे उवा नसतील, पण तेवढ्याच, काळ्या, शंभर तरी असतील, नखाच्या टोकावर पाच-सहा मावतील इतक्या बारीक. काही मात्र तपकिरी आहेत, आखूड पंखांच्या, आणि एकमेकांना चावताहेत. मडक्याला टाचणीएवढं भोक. डबी फेकून देऊ का?

भिंगवाला | ८ जानेवारी, सकाळी ७:४१

फेकू नका!!! डबी तशीच झाका!

त्या उवा नाहीत, त्याही माश्याच, मेलिटोबियाच्या गोतावळ्यातल्या वाटतात. एक मादी बंद घरात शिरते, कुंभारणीच्या अळीवर ढीगभर अंडी घालते. तपकिरी आखूड पंखांचे ते नर, आंधळे असतात, आणि मडक्याच्या अंधारात एकमेकांशी मरेपर्यंत लढतात. मुलीला सांगा, मोठ्या केशरी कुंभारणीत नवीन सापडणं कठीण, अडीचशे वर्षं लोक बघताहेत. पण या मिलिमीटरभराच्या मंडळींकडे बघायला कोणाला वेळ नसतो, घाटातल्या कितीतरी माश्यांना अजून नावच नाही. ह्याही जुन्याच निघतील कदाचित. तरी भरून ठेवा, नर-मादी दोन्ही, आणि चिठ्ठीवर हे पण लिहा की कुठल्या कुंभारणीच्या मडक्यातून. स्पिरिटमध्ये टाका, जितकं कडक तितकं बरं.

माटोळी | ८ जानेवारी, सकाळी ८:२५

स्पिरिट घरात नाही, वाळपईचं दुकान दहाला उघडतं आणि त्या झाकणाच्या भोकांतून बाहेर पडायला लागल्यात. सासऱ्यांच्या कपाटातली फेणी घेतली, औषधाच्या बाटलीत ओतून चाळीसेक आत टाकल्या. मुलगी चिठ्ठी लिहितेय. चालेल ना?

भिंगवाला | ८ जानेवारी, सकाळी ८:३०

फेणी चाळीस-पंचेचाळीस टक्के, निदान सत्तर तरी हवं. दहापर्यंत तग धरतील. दहाला दुकान गाठा.

पेडण्याचो बाब्या | ८ जानेवारी, सकाळी ८:३४

काजूची की माडाची? चिठ्ठीवर लिहायला हवं.